गोल बारमधली फटीग भेग: आकार जुळतो, आयुष्य जुळत नाही, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टीलचा गोल बार, त्यावर कमी-जास्त होणारा अक्षीय ओढ भार, पृष्ठभागावर कापलेली छोटी खाच आणि तिथून वाढत जाणारी फटीग भेग, म्हणजे वारंवार बदलत्या भाराने हळूहळू वाढणारी भेग. प्रश्नकर्त्याने फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये (वस्तू लहान तुकड्यांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, विभागून केलेला संगणकी हिशेब) भेगेच्या कडेवरच्या प्रत्येक नोडवर, म्हणजे जाळीच्या बिंदूवर, स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे कडेजवळच्या ताणाची तीव्रता सांगणारा 'के', काढला आहे आणि पॅरिसच्या नियमाने (के वरून भेगेच्या वाढीचा वेग सांगणारा नियम) कड पायरीपायरीने पुढे सरकवली आहे. शेवटी मिळालेला भेगेचा आकार तुटलेल्या नमुन्याच्या फोटोशी छान जुळतो. पण सायकलींची, म्हणजे भाराच्या आवर्तनांची, संख्या प्रयोगापेक्षा अडीच पटीने कमी येते. शिवाय पृष्ठभागाजवळ भेगेची कड करवतीसारखी दातेरी होत जाते. विचारलं आहे की मेश आणखी बारीक केला तर दोन्ही अडचणी सुटतील का.

माझं उत्तर: नुसता मेश बारीक केलात तर दातेरीपणा बहुधा वाढेल आणि आयुष्याच्या आकड्यात फारसा फरक पडणार नाही. या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत, म्हणून दोन्हींकडे वेगवेगळं बघू. त्याआधी 'आकार जुळला' या गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पॅरिस आणि एर्डोगन यांनी १९६३ मध्ये मांडलेला नियम असा: एका सायकलमागे होणारी वाढ म्हणजे 'सी' गुणिले डेल्टा-के चा 'एम' वा घात. डेल्टा-के म्हणजे सायकलमधल्या कमाल आणि किमान के मधला फरक; 'सी' आणि 'एम' हे त्या धातूचे स्थिरांक. आता कडेवरचे दोन बिंदू घ्या, एक भेगेच्या तळाशी आणि दुसरा पृष्ठभागावरच्या टोकाशी. आकार कसा बदलेल हे त्या दोन बिंदूंच्या वाढीच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि गुणोत्तर काढताना 'सी' वर-खाली उडून जातो. म्हणजे तुमचा 'सी' दहा पटीने चुकला असता तरी आकाराचं चित्र हुबेहूब तेच आलं असतं. भाराचंही तसंच. भार सरसकट दीडपट धरलात तरी, थ्रेशोल्ड (ज्याच्या खाली भेग जवळजवळ वाढतच नाही तो डेल्टा-के) मध्ये येत नाही तोवर, आकार हलत नाही. आयुष्याला मात्र 'सी' थेट भिडतो आणि भार 'एम' च्या घाताने भिडतो. त्यामुळे आकार जुळला यावरून 'सी' आणि भार बरोबर असल्याचा कसलाच पुरावा मिळत नाही.

यावर आणखी एक थर आहे. भेगेला आपला सुरुवातीचा आकार फार काळ लक्षात राहत नाही. न्यूमन आणि राजू यांची १९८१ ची समीकरणं प्लेटमधल्या अर्धलंबवर्तुळी भेगेसाठी आहेत, पण बारच्या व्यासाच्या मानाने भेग लहान असेल तेव्हा अंदाजाला पुरतात. खोली ही पृष्ठभागावरच्या अर्ध्या लांबीच्या एक पंचमांश असेल, म्हणजे भेग उथळ आणि लांबट असेल, तर तळाचा के टोकांच्या के च्या साधारण दुप्पट येतो. एम ३ धरला तर तळ टोकांच्या सुमारे आठपट वेगाने पुढे सरकतो. साहजिकच भेग खोल होत होत अर्धवर्तुळाकडे जाते. नेमकं अर्धवर्तुळ झालं की पारडं उलटतं: टोकांचा के तळापेक्षा १० टक्के जास्त होतो आणि नुसत्या पॅरिसच्या हिशेबाने टोकं ३३ टक्के जास्त वेगाने धावायला हवीत. उथळ भेग खोल होते, फार खोल भेग रुंद होते आणि सगळ्या एकाच वाटेला येऊन मिळतात. गोल बारमध्ये ती वाट अर्धवर्तुळाच्या आसपास सुरू होते आणि भेग व्यासाच्या निम्म्याकडे जाईपर्यंत कड बरीच सपाट होते. बाक भारात, म्हणजे वाकवणाऱ्या भारात, ती आणखी लवकर सपाट होते, कारण आत जावं तसा ताण घटतो.

मग शेवटचा फोटो जुळला यात नवल काय? कुठूनही निघालात तरी तिथेच पोचणार होतात. तुलना करायची असेल तर ती सुरुवातीच्या बीचमार्कशी (तुटलेल्या पृष्ठभागावरच्या, कड त्या त्या वेळी कुठे होती ते दाखवणाऱ्या रेषा) करा, जिथे भेग अजून खाचेचा आकार विसरलेली नसते. नमुन्यावर बीचमार्क नसतील तर पुढच्या चाचणीत मुद्दाम उमटवा. मी कमाल भार तसाच ठेवून किमान भार वर नेतो आणि थोडा वेळ त्या लहान रेंजवर चालवतो. कमाल भार वाढवला तर पुढची वाढ मंदावते आणि मोजमापच बिघडतं, म्हणून तो मोह टाळावा.

आता आयुष्याकडे. भेग वाढण्यातल्या सायकली नक्की कुठे खर्च होतात, याचा हिशेब कागदावर एकदा तरी करून बघा. २० मिलिमीटर व्यासाचा बार, अर्धवर्तुळी भेग, ताणाची रेंज २०० मेगापास्कल, एम ३, आणि सी ६.९ गुणिले १० चा उणे १२ वा घात (एकक मीटर प्रति सायकल आणि मेगापास्कल रूट मीटर). फेराइट-पर्लाइट स्टीलसाठी हा आकडा बऱ्याच काळापासून वापरात आहे. भूमितीचा गुणक (भेगेच्या आणि बारच्या आकाराचा के वरचा परिणाम) ०.६६ स्थिर धरला तर १ मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत जायला साधारण ४ लाख सायकली लागतात. त्यातला पहिला मिलिमीटर, म्हणजे १ ते २, निम्म्याहून जास्त सायकली खातो. शेवटचा, ४ ते ५, एक दशांशही खात नाही. प्रत्यक्षात खोलीबरोबर गुणक वाढतो, त्यामुळे शेवटचा भाग याहूनही झटपट उरकतो.

हाच हिशेब ०.५ मिलिमीटरपासून सुरू केला तर आयुष्य पाऊणपटीने वाढतं. म्हणजे सुरुवातीची खोली अर्धा मिलिमीटर धरायची की एक, एवढ्याच गोष्टीने उत्तर पावणेदोन पटीने हलतं. वर ०.५ मिलिमीटरला डेल्टा-के सुमारे ५.२ मेगापास्कल रूट मीटर येतो. बऱ्याच स्टीलचा कमी भार-गुणोत्तरावरचा (किमान भार भागिले कमाल भार) थ्रेशोल्ड याच्या आसपास असतो. तिथे पॅरिसची सरळ रेषा लागूच पडत नाही, वक्र खाली कोसळायला लागलेला असतो. मग आयुष्य पावणेदोन पट नव्हे, कितीही पट वाढू शकतं. तुमच्या बारीक मेशने के मधली चूक २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली तरी एम ३ ला आयुष्यात फरक पडणार ३ टक्के. अडीच पट तिथून निघत नाही.

मग कुठून निघते? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या चाचणीचा तपशील माझ्यासमोर नाही. पण तुमचं आयुष्य कमी येतंय, जास्त नाही, ही दिशा उपयोगाची आहे. अशा वेळी मी पुढच्या क्रमाने बघतो.

सगळ्यात आधी विचारतो, सायकली मोजायला कुठून सुरुवात केली. मॉडेलमध्ये पहिल्या क्षणापासून धारदार भेग असते. प्रयोगात असते खाच, मग ती वायर कटने केलेली असो वा पातळ ब्लेडने. तिच्या मुळाशी खरी भेग सुरू व्हायलाच बराच काळ जातो आणि यंत्राचा काउंटर तोही काळ मोजत असतो. दोन आकडे समोरासमोर ठेवायचे तर दोन्हीकडे शून्य एकच हवं: पहिला स्पष्ट बीचमार्क, किंवा प्री-क्रॅकिंग (मोजणीआधी खाचेतून धारदार भेग मुद्दाम काढणं) संपल्याचा क्षण. माझ्या पाहण्यात अशा तक्रारींतला मोठा वाटा इथेच सुटतो.

दुसरं, 'सी' कुठून घेतला. मूल्यांकनाच्या कोडमधला आकडा आणि तुमच्या बारचा आकडा या वेगळ्या गोष्टी आहेत. बीएस ७९१० या ब्रिटिश कोडमध्ये हवेतल्या स्टीलसाठी जो साधा एकरेषी नियम दिला आहे त्यात एम ३ आहे आणि सी, न्यूटन-मिलिमीटर एककात, ५.२१ गुणिले १० चा उणे १३ वा घात. मेगापास्कल रूट मीटरमध्ये बदलला तर तो १.६५ गुणिले १० चा उणे ११ वा घात होतो, म्हणजे वर वापरलेल्या आकड्याच्या सुमारे २.४ पट. तो मुद्दाम सुरक्षित बाजूला ठेवलेला आहे, त्याचं काम आयुष्य कमी सांगणं हेच आहे. तुमच्या इनपुट फाइलमध्ये हा आकडा असेल तर अडीच पटीचं कोडं बहुतेक तिथेच संपलं. एककांची चूक मात्र तुमच्याकडे नसावी. ती एम ३ ला तीस हजार पटीच्या घरात जाते, लपून राहत नाही.

तिसरं, डेल्टा-के म्हणजे नक्की काय धरलं आहे. भार ओढ आणि दाब असा पूर्ण उलटसुलट असेल आणि दाबाची बाजूही रेंजमध्ये धरली असेल, तर डेल्टा-के दुप्पट आणि वेग आठपट होतो. एएसटीएम ई६४७ या भेगवाढ चाचणीच्या अमेरिकी मानकामध्ये भार-गुणोत्तर शून्य किंवा ऋण असताना डेल्टा-के म्हणजे कमाल के एवढाच धरण्याची पद्धत आहे, कारण दाबात भेग मिटलेली असते. तुमचा 'सी' ज्या व्याख्येने काढला, तीच व्याख्या मॉडेलमध्येही हवी. भार-गुणोत्तर ०.१ असताना डेल्टा-के ऐवजी चुकून कमाल के घातला तर फरक सुमारे ३७ टक्क्यांचा पडतो. तो छोटा असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

चौथं, क्लोजर. एल्बर यांनी १९७० च्या सुमारास दाखवलं की ओढ भार चालू असतानाही भेगेचे ओठ सायकलच्या काही भागात एकमेकांना टेकलेले असतात, आणि तेवढी रेंज वाढीच्या कामाला येत नाही. जास्त भार-गुणोत्तरावर काढलेला 'सी' कमी भार-गुणोत्तराच्या चाचणीला लावला तर मॉडेलची भेग वास्तवापेक्षा वेगाने धावते. तुमच्या चुकीची दिशा हीच आहे.

पाचवं, बार कसा बनला आहे. थंड अवस्थेत ओढून काढलेल्या बारमध्ये, पुढे ताण काढला नसेल तर, पृष्ठभागाजवळ अक्षीय ओढ ताण आणि गाभ्यात दाब ताण शिल्लक असतो. शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) किंवा पृष्ठभागाचं रोलिंग केलेल्या बारमध्ये पृष्ठभाग दाबात असतो. अशा वेळी मात्र आकार खरोखर काहीतरी सांगतो. ओढून काढलेल्या बारमध्ये टोकं पुढे पळतात आणि कड अपेक्षेपेक्षा सपाट दिसते. पीनिंग केलेल्यात टोकं अडकतात आणि भेग पृष्ठभागाखाली फुगते. तुमचा फोटो मॉडेलशी छान जुळतो, त्यावरून शिल्लक ताण मोठा नसावा असं वाटतं. पण शेवटच्या फोटोवरून तसं म्हणणं धाडसाचं आहे, सुरुवातीचे बीचमार्क बघूनच बोलावं.

आता दातेरी कडेकडे वळू. खरी भेग अशी दातेरी होत नाही, याला कारण आहे. कडेचा एखादा भाग पुढे गेला की तिथला के घटतो, मागे राहिलेल्या भागाचा वाढतो. म्हणजे कड स्वतःला इस्त्री करत असते. राइस यांनी १९८५ मध्ये जवळजवळ सरळ कडेसाठी हा परिणाम सूत्रात मांडला. त्यातून एक गोष्ट निघते: लाट जितकी आखूड तितकी ती जोरात सपाट होते. हे निसर्गाला सोयीचं, पण आपल्या पायरीपायरीच्या हिशेबाला गैरसोयीचं. पायरी मोठी असेल तर पुढे गेलेला नोड फार मागे पडतो, मागचा फार पुढे जातो, आणि पुढच्या पायरीत उलट. करवत तयार.

हे सूत्र पॅरिसच्या नियमात घालून बघितलं तर एम ३ साठी मर्यादा अशी येते: एका पायरीतली वाढ कडेवरच्या दोन शेजारी नोडमधल्या अंतराच्या साधारण ४० टक्क्यांहून कमी हवी. मी पावाच्या वर जात नाही. एम वाढला की मर्यादा त्याच प्रमाणात आणखी आवळते. म्हणून सुरुवातीला म्हटलं की नुसता मेश बारीक करू नका. नोड निम्म्या अंतरावर आणलेत आणि पायरी तीच ठेवलीत तर दातेरीपणा वाढणारच. एकतर पायरी लहान करा, नाहीतर प्रत्येक पायरीनंतर कडेवर कमी घाताची गुळगुळीत वक्ररेषा बसवा आणि नोड तिच्यावर सारख्या अंतराने पुन्हा मांडा. मी दोन्ही करतो. फक्त वक्ररेषा इतकीही ताठ नको की खरा आकारबदल तीच गिळून टाकेल.

पृष्ठभागावरच्या नोडचं दुखणं वेगळं आहे. जिथे कड मोकळ्या पृष्ठभागाला भेटते तिथे वर्गमुळाची ती नेहमीची सिंग्युलॅरिटी (कडेजवळ जावं तसा ताण अमर्याद वाढत जाण्याची रीत, जिच्यावर के ची व्याख्या उभी आहे) नसते. बाझांत आणि एस्टेन्सोरो यांनी १९७९ मध्ये दाखवलं की ती टिकायची असेल तर कडेला पृष्ठभागाशी ठरावीक कोन करावा लागतो. पॉइसन गुणोत्तर (ओढल्यावर धातू आडवा किती आकसतो ते सांगणारा आकडा) ०.३ असताना तो काटकोनापेक्षा सुमारे १० अंश जास्त असतो. त्यामुळे त्या शेवटच्या नोडवर सॉफ्टवेअर जो के छापतं त्याला नीट अर्थच नाही, आणि मेश बदलला की तो आकडाही बदलतो. तो फेकून द्या. आतल्या दोन-तीन नोडवरून वक्र पुढे वाढवून टोकाचा के घ्या. टोकाची खरी वाढ हिशेबापेक्षा थोडी कमी असते, कारण पृष्ठभागाजवळ क्लोजर जास्त असतं. न्यूमन आणि राजू यांचा उपाय साधा आहे: टोकासाठी 'सी' ला ०.९ च्या एम व्या घाताने गुणा. मगाशी अर्धवर्तुळी भेगेची टोकं ३३ टक्के जास्त वेगाने धावत होती, या गुणकानंतर दोन्ही वेग जवळजवळ सारखे होतात, आणि ओढ भारात लहान भेगा अर्धवर्तुळाच्या जवळपास राहताना दिसतात त्याच्याशी ते जुळतं. तुमचा क्लोजरचा हिशेब आधीच कडेनुसार बदलत असेल तर मात्र हा गुणक वर लावू नका. एकाच परिणामाची दोनदा वजावट होईल.

बारकडे जाण्याआधी एक चाचणी प्रत्येकाने करावी असं माझं ठाम मत आहे. मोठ्या ठोकळ्याच्या पोटात एक गोल, नाण्याच्या आकाराची भेग ठेवा आणि एकसारखा ओढ ताण द्या. तिचा के कडेवर सगळीकडे सारखा असतो: ताणाची दुप्पट गुणिले (त्रिज्या भागिले पाय, म्हणजे π) याचं वर्गमूळ. स्नेडन यांचं हे १९४६ चं उत्तर आहे. आधी आकडा जुळतो का बघा, मग तीच भेग तिप्पट त्रिज्येपर्यंत वाढवा. ती गोलच राहायला हवी. कुठे कोपरा आला, कुठे चपटी झाली, तर तो तुमच्या मेशचा किंवा पायरीचा दोष, धातूचा नाही. नंतर लंबवर्तुळी भेग घेऊन सुरुवात करा. ती आपोआप गोल होत गेली पाहिजे. पृष्ठभाग, ग्रिप (बार पकडणारे जबडे), क्लोजर यांतलं काहीच नसताना प्रोग्राम नीट चालतो की नाही हे यात कळतं.

बारच्या बाबतीत दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. भेग एका बाजूला असल्यामुळे ओढ भारातही बार वाकू बघतो. ग्रिप घट्ट असतील तर वाकणं अडतं आणि खोल भेगेचा के कमी राहतो. टोकं फिरायला मोकळी असतील तर तो वाढतो. मॉडेलमध्ये बारची मोकळी लांबी आणि टोकांची अट प्रयोगातलीच हवी. याचा परिणाम भेग खोल झाल्यावर दिसतो, म्हणजे शेवटच्या आकारावर आणि तुटण्याच्या खोलीवर जास्त, आयुष्यावर कमी. दुसरी गोष्ट व्याख्येची. गोल बारमध्ये 'अर्धी रुंदी' तीन प्रकारे मोजतात: लंबवर्तुळाचा अर्धा अक्ष, पृष्ठभागावरच्या दोन टोकांमधल्या सरळ जीवेचा अर्धा भाग, किंवा परिघावरून मोजलेला अर्धा कंस. भेग लहान असताना तिन्ही सारख्या येतात, खोल झाल्यावर बरंच अंतर पडतं. प्रकाशित आलेखाशी तुलना करताना त्यात कोणती व्याख्या आहे हे आधी बघा.

प्रत्येक नोड वेगळा सरकवण्याची गरज आहे का, हेही विचारात घ्या. गुळगुळीत बार, साधा ओढ किंवा बाक भार आणि एकच भेग असेल तर लंबवर्तुळ धरून तळ आणि टोक असे दोन बिंदू चालवले तरी उत्तर पुरेसं चांगलं येतं, आणि ते स्प्रेडशीटमध्ये बसतं. शिल्लक ताण मोठा असेल, शेजारच्या दोन भेगा एक होणार असतील किंवा शाफ्ट फिरता असेल तर कड मोकळी सोडावी लागते. फिरत्या शाफ्टमध्ये कडेच्या प्रत्येक बिंदूवरचा कमाल ताण वेगळ्या क्षणी येतो, त्यामुळे एका स्थितीतला के पुरत नाही. प्रत्येक बिंदूसाठी पूर्ण फेऱ्यातला कमाल आणि किमान के शोधावा लागतो.

तुमच्या जागी मी आधी हा दोन बिंदूंचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये करीन. त्याचं आयुष्य तुमच्या मोठ्या मॉडेलच्या १० ते १५ टक्क्यांत आलं, तर मॉडेलला हात लावायचं कारण नाही. मग 'सी' कुठून आला, भार-गुणोत्तर किती, खाचेची खोली किती आणि काउंटर कधी सुरू केला, या चार गोष्टी कळवा. त्यांच्याशिवाय अडीच पटीबद्दल याहून नेमकं काही सांगता येणार नाही.